परवान्याच्या परीक्षेत गैरप्रकाराचा ठपका आला तर काय करायचं

वकिलीची सनद कायम करणारी ऑल इंडिया बार परीक्षा, सीएची परीक्षा, परदेशातून डॉक्टर होऊन आलेल्यांची एफएमजीई, डी. फार्म. म्हणजे फार्मसीच्या पदविकेनंतरची एक्झिट परीक्षा, शिक्षकांची टीईटी. या परीक्षांत नापास झालात तर पुढच्या वेळी बसता येतं. गैरप्रकाराचा ठपका बसला तर तो त्या पेपरपुरता राहत नाही. वकिलांची किंवा फार्मासिस्टची यादी, अशा ज्या नोंदवहीत तुमचं नाव लागायचं असतं, तिथपर्यंत तो मागोमाग येतो.

औरंगाबाद खंडपीठात वकिली करताना अशी प्रकरणं समोर येतात. किनवटहून, भूमहून, गेवराईहून, जिंतूरहून मुलं-मुली येतात, सोबत बहुतेक वेळा वडील किंवा मामा असतात. त्यातले फार थोडे पैसे देऊन पेपर मिळवणारे असतात. बाकीच्यांच्या खिशात फोन राहिलेला असतो, नाहीतर पुस्तकाच्या समासात जुनी टिपणं निघालेली असतात, नाहीतर परीक्षेनंतर ग्रुपवर प्रश्न टाकलेले असतात. त्यांचं खरं नुकसान पहिल्या तासात झालेलं असतं, घाबरून लिहून दिलेल्या दोन ओळींमुळे. म्हणून या लेखात त्या तासाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे. तुमच्यावर वेळ आलेली नसेल तरी हॉलतिकीट काढायच्या दिवशी हे एकदा वाचा.

फॉर्म भरताना

पहिली गोष्ट ईमेलची. आपल्याकडे फॉर्म नेट कॅफेत किंवा महा ई-सेवा केंद्रात भरतात, आणि भरणारा घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो, कधी मोबाइल नंबरही. पुढे कारणे दाखवा नोटीस आली की ती त्या कॅफेवाल्याच्या मेलमध्ये पडून राहते. मुदत संपते, तुमची बाजू न ऐकताच निर्णय होतो, आणि निकालाच्या दिवशी कळतं की आपल्यावर बंदी आहे. नोटीस पाठवली होती, एवढं संस्था सहज दाखवू शकते. म्हणून ईमेल आणि नंबर स्वतःचाच द्या आणि निकाल लागून महिना-दोन महिने होईपर्यंत मेल उघडत राहा, स्पॅमसुद्धा.

दुसरी गोष्ट नावाची. लग्नानंतर बदललेलं नाव, पदवीवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, अशा तफावतींवरून तोतयेगिरीचा संशय येऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं भाग आहे. त्यामुळे पंधरा-वीस वर्षं शिकवलेल्या बाई माहेरच्या नावाची कागदपत्रं घेऊन केंद्रावर येणार आहेत. राजपत्रातली नावबदलाची नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवा.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या सत्राची माहितीपुस्तिका उतरवून जपून ठेवा. गैरप्रकार कशाला म्हणायचं आणि त्याला शिक्षा काय, हे त्यात किंवा हॉलतिकिटाच्या सूचनांत असतं. पुढे वाद झाला तर त्या सत्राचे नियम बघितले जातात. तोवर संकेतस्थळावर नव्या सत्राची पुस्तिका आलेली असते, जुनी शोधत बसावं लागतं.

कशाकशाला गैरप्रकार म्हणतात

बारावीला कॉपीमुक्त अभियान आणि भरारी पथकं पाहिलेल्या मुलांची समजूत असते की चिठ्ठी नसली म्हणजे झालं. परवान्याच्या परीक्षांचे नियम याहून बारीक आहेत आणि प्रत्येकीचे वेगळे आहेत.

बार परीक्षेत १०० प्रश्न आणि साडेतीन तास असतात. बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मूळ मजकूर छापलेलं पुस्तक, आत नेता येतो, पण टिपणं किंवा भाष्य नसलेला. अडचण इथेच होते. सीनियरकडून जुनं पुस्तक घेतलेलं असतं, त्याच्या समासात चार वर्षांपूर्वीच्या पेन्सिलच्या ओळी असतात. त्या ओळी तुमच्या नाहीत हे सिद्ध कसं करणार? नवं, कोरं पुस्तक घ्या आणि आदल्या रात्री पानन्‌पान चाळा. नावाला बेअर अ‍ॅक्ट पण आत कलमांखाली खुलासे छापलेले, अशा विद्यार्थी आवृत्त्याही बाजारात मिळतात. त्या नकोत.

सीएच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो, पण जास्तीत जास्त १२ अंकी, सहा क्रिया आणि दोन मेमरीचा, आवाज न करणारा. इंजिनिअरिंगच्या भावाचा सायंटिफिक कॅल्क्युलेटर नेऊ नका. इथे आपल्या सवयीची एक गोष्ट आडवी येते. उत्तरपत्रिकेच्या वर ‘॥ श्री ॥’ किंवा ‘गजानन प्रसन्न’ लिहिण्याची सवय लहानपणापासूनची असते, कुणी ७८६ लिहितं. सीएच्या परीक्षेत धार्मिक चिन्ह, प्रार्थना, परीक्षकाला केलेली विनंती, नेमून दिलेल्या जागेखेरीज कुठेही लिहिलेला रोल नंबर, हे सगळं ओळख पटवण्याचा प्रयत्न धरलं जातं आणि गैरप्रकारात मोडतं. तपासणाऱ्याला उत्तरपत्रिका कुणाची हे कळू नये, यासाठी तो नियम आहे. प्रश्नपत्रिकेवरही रोल नंबराखेरीज काही लिहू नका. देवाचं नाव मनात घ्या.

एफएमजीई आणि डी. फार्म. एक्झिट या परीक्षा राष्ट्रीय वैद्यकीय परीक्षा मंडळ घेतं. एफएमजीईमध्ये ३०० प्रश्न असतात, पास व्हायला १५० गुण लागतात. संगणकावर पेपर सुरू होण्याआधी गोपनीयतेचा करार समोर येतो आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. त्याचा अर्थ असा की आठवलेले प्रश्न परीक्षेनंतर टेलिग्रामवर टाकणं, क्लासला सांगणं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चेला घेणं, हेही गैरप्रकारात येतं. बाहेर पडल्या पडल्या क्लासवाले ‘रिकॉल’ मागतात आणि ज्युनियरच्या भल्यासाठी म्हणून मुलं लिहून देतात. क्लासचं काही बिघडत नाही, नाव तुमचं राहतं. एफएमजीईचं पास प्रमाणपत्र देतानाही समक्ष ओळख पटवतात, त्यामुळे आपल्या जागी दुसऱ्याला बसवणारा परीक्षेच्या दिवशी सुटला तरी तिथे सापडतो.

फोनबद्दल एकच सांगतो. ‘साहेब, बंदच होता की’ हा बचाव चालत नाही. जवळ बाळगणं हाच गुन्हा, वापरला की नाही हा पुढचा प्रश्न. अडचण खरी आहे, हे मान्य. अहमदपूरहून पहाटेच्या एसटीने निघालेली मुलगी फोनशिवाय कशी येणार आणि केंद्रावर ठेवायला जागा नसली तर कुठे ठेवणार? उपाय आधीच करावा लागतो. त्या शहरातल्या नातेवाइकाकडे किंवा सोबत आलेल्या माणसाकडे फोन द्या. स्मार्ट घड्याळ आणि इअरबडही त्याच पिशवीत टाका.

शिक्षा कुठून कुठे जाते

पहिली पातळी त्या परीक्षेची: पेपर रद्द किंवा त्या सत्राचे सगळे पेपर रद्द. दुसरी पातळी बंदीची: पुढची एक, दोन किंवा अधिक सत्रं बसता येत नाही, आणि गंभीर प्रकारात कायमचीही बंदी येते. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या टीईटीचं उदाहरण मराठवाड्यातल्या शिक्षकांना सांगायला नको. पैसे घेऊन गुण वाढवल्याचं प्रकरण पुणे पोलिसांच्या तपासात डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आलं. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांचा निकाल रद्द केला आणि त्यांना पुढच्या टीईटीला बसायला बंदी घातली. कित्येक जण तोवर शाळांत रुजू झालेले होते.

तिसरी पातळी नोंदवहीची, आणि तिचा विचार फारसं कुणी करत नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट १९६१ च्या कलम २६ खाली, फसवणुकीने किंवा महत्त्वाची खोटी माहिती देऊन नाव लावून घेतलं असेल तर बार कौन्सिल ऑफ इंडिया ते यादीतून काढू शकते. फार्मसी अ‍ॅक्ट १९४८ च्या कलम ३६ मध्ये खोट्या माहितीवर किंवा महत्त्वाची गोष्ट लपवून झालेली नोंद काढण्याची तरतूद आहे. म्हणजे मेडिकल दुकान टाकून बऱ्याच वर्षांनीही नोंदणी जाऊ शकते.

चौथी पातळी पोलिसांची. तोतया बसवला किंवा बसलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ लागतं, पाच वर्षांपर्यंत कैद. फसवणुकीसाठी बनावट कागद केला तर कलम ३३६ खाली सात वर्षांपर्यंत. २१ जून २०२४ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या सार्वजनिक परीक्षा कायद्यात तीन ते पाच वर्षं कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. संघटित गुन्ह्याला पाच ते दहा वर्षं आणि किमान १ कोटीचा दंड आहे. बातम्यांमुळे हे आकडे सगळ्यांच्या तोंडी आहेत, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. कायद्याच्या मूळ यादीत यूपीएससी, एसएससी, रेल्वे, बँक भरती, एनटीए अशा संस्था आहेत. सीएची संस्था किंवा बार कौन्सिल त्यात नाही. शिवाय विधेयकाच्या उद्देशपत्रातच म्हटलं आहे की उमेदवारांवर त्या त्या परीक्षा संस्थेच्या प्रशासकीय नियमांप्रमाणे कारवाई होईल. मात्र टोळीशी पैशाचा व्यवहार केलेल्याने या वाक्याच्या भरवशावर राहू नये. न्याय संहिता त्याला लागू आहेच.

‘सेटिंग होतंय’ म्हणणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नका, मूळ प्रमाणपत्रं तर अजिबात हातात देऊ नका. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

पकडलं गेलात तर पहिला तास

वस्तू देऊन टाका. हिसकावणं, चिठ्ठी गिळणं, फोन फॉरमॅट करणं, पळणं, यातलं काहीही केलंत तर पुरावा नष्ट केल्याचा दुसरा आरोप चिकटतो, आणि मूळ गोष्ट किरकोळ असली तरी शिक्षा वरच्या टप्प्याची होते.

पर्यवेक्षकाशी भांडू नका. गावाकडच्या पुढाऱ्याचा फोन केंद्रावर लावायला तर घरच्यांना मुळीच सांगू नका. आपल्याकडे हा मोह फार. त्या फोनचा उल्लेख केंद्रप्रमुखाच्या अहवालात दबाव आणला म्हणून येतो आणि पुढे मांडायच्या चांगल्या मुद्द्यांवरही पाणी फिरतं.

मग कागद समोर येतो. इथे थांबा, पाणी मागा, पूर्ण वाचा. इंग्रजीत असेल आणि नीट समजत नसेल तर सहीच्या वर मराठीत लिहा, ‘मजकूर इंग्रजीत असून मला पूर्ण समजलेला नाही.’ कोऱ्या कागदावर सही करू नका. छापील फॉर्ममध्ये मोकळी जागा असेल तर तिथे आडवी रेघ मारा.

जबाबात जे घडलं तेवढंच, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या भाषेत लिहा. वेळ, वस्तू, ती कुठे होती, कुणी काढली. समजा फोन खिशात राहिला आणि तो वापरला नाही, तर असं लिहिता येतं:

‘सकाळी १०.४० वाजता पर्यवेक्षकांनी तपासणी केली तेव्हा माझ्या पँटच्या उजव्या खिशात माझा मोबाइल आढळला. तो बंद होता. मी पेपरदरम्यान तो बाहेर काढलेला नाही व वापरलेला नाही. फोन आत आणणे नियमाविरुद्ध आहे हे मला मान्य आहे. फोन माझ्यासमोर सीलबंद करावा व तपासावा, अशी विनंती आहे.’

आता याच मुलाने घाबरून ‘माझ्याकडून कॉपी झाली, मला माफ करा, पुन्हा करणार नाही’ असं लिहिलं तर काय होतं ते बघा. जवळ बाळगल्याची शिक्षा साधारण खालच्या टप्प्याची असते, वापरल्याची वरची. माफीच्या त्या वाक्याने त्याने वरचा टप्पा स्वतःच मान्य केला. ‘एवढं लिहून दे, सोडून देतो’ असं कुणी म्हणेल, तो चांगल्या मनाने म्हणत असेलही, पण निर्णय त्याच्या हातात नसतो. समितीसमोर फक्त तुमचा कागद जातो. सहा महिन्यांनी ‘दबावाखाली लिहिलं’ असं सांगितलं तर त्याला वजन राहत नाही. दबाव खरंच असेल तर त्याच दिवशी ईमेलने कळवा.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची. वापरला असेल तर ‘वापरला नाही’ असं लिहू नका. फोनची तपासणी होते, कॅमेरे असतात, आणि खोटा जबाब उघडा पडला की तुमच्या कुठल्याच म्हणण्यावर विश्वास राहत नाही. काय लिहावं सुचत नसेल तर ‘मी सविस्तर खुलासा नंतर लेखी देईन’ एवढं लिहून सही करा.

बऱ्याच ठिकाणी जुनी उत्तरपत्रिका जप्त करून नवी देतात. परवानगी असेल तर पेपर पूर्ण करा, आणि लेखी मनाई नसेल तर पुढच्या पेपरांनाही जा. ‘आता काय उपयोग’ म्हणून घरी बसलेल्या मुलांना नंतर निर्दोष ठरूनही वर्ष गमवावं लागतं.

बाहेर आल्यावर त्याच संध्याकाळी दोन कामं करा. घडलेलं सगळं क्रमाने लिहून काढा: खोली क्रमांक, मागच्या-पुढच्यांचे बैठक क्रमांक, कोण काय बोललं. आणि परीक्षा संस्थेला ईमेल पाठवा की अमुक केंद्र, अमुक खोली, अमुक वेळेचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. चित्रण कायम राहत नाही. उशिरा मागितलं तर ते पुसलं गेलेलं असतं.

नोटिशीला उत्तर

नोटीस आली की आधी मुदत बघा. उत्तर लिहिण्याआधी कागद मागा: केंद्राचा अहवाल, जप्त वस्तूची प्रत किंवा फोटो, तुमचा जबाब, सीसीटीव्ही. कागद मिळेपर्यंत मुदतवाढ मागा, पण मुदत संपण्याच्या आत तात्पुरतं उत्तर पाठवाच.

उत्तरात प्रत्येक आरोपाला वेगळा परिच्छेद द्या. कुठला नियम लावला तो क्रमांकासह लिहा आणि तुमचं कृत्य त्या शिक्षासूचीत नेमकं कुठे बसतं ते दाखवा. ‘मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, घरची परिस्थिती हलाखीची आहे’ हे खरं असेल तर शिक्षा ठरवताना शेवटी एका ओळीत सांगा. त्यावर दोन पानं लिहिणारे मूळ मुद्दा विसरतात. समक्ष सुनावणी मागायला विसरू नका. दिल्लीला जाणं परवडत नसेल तर ऑनलाइन सुनावणीची विनंती त्याच पत्रात करा. हव्या असलेल्या नोंदी संस्थेने दिल्या नाहीत तर १० रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. स्वतःची उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे.

न्यायालय काय बघतं

घनश्याम दास गुप्ता प्रकरणात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की गैरप्रकाराची शिक्षा देणाऱ्या समितीने उमेदवाराला बाजू मांडायची संधी दिलीच पाहिजे. तुमच्या हातातलं सगळ्यात भक्कम हत्यार हेच आहे. पण अख्ख्या केंद्रावर सामूहिक कॉपी झाली म्हणून केंद्राचीच परीक्षा रद्द केली, तर प्रत्येकाला वेगळी सुनावणी लागत नाही, हे बिहारच्या प्रकरणात १९७० मध्ये सांगितलं गेलं. महाराष्ट्राच्या बोर्डाचं के. एस. गांधी प्रकरण १९९१ चं. दहावीच्या गुणांत फेरफार झाले होते. त्यात न्यायालयाने म्हटलं की इथे फौजदारी खटल्याइतका कडक पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं ते पुरतं. म्हणून फौजदारी कोर्टातून सुटलात तरी बंदी आपोआप उठत नाही. २००८ च्या हॉटेल मॅनेजमेंटच्या प्रकरणात चिठ्ठी सापडलेल्या विद्यार्थ्याला उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने काढून घेतला आणि अशा बाबतीत दयामाया नको असं बजावलं.

तेव्हा ‘शिक्षा कडक आहे’ एवढ्याच मुद्द्यावर याचिका सहसा टिकत नाही. नोटीस दिली नाही, कागद दिले नाहीत, निर्णयात कारणं नाहीत, लावलेली शिक्षा नियमात नाहीच, अशा मुद्द्यांवर ती उभी राहते.

संस्थेत अपील किंवा फेरविचाराची सोय असेल तर आधी ती वापरा. त्यानंतर रिट याचिका, म्हणजे संस्थेच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात दाद. संस्थेचं मुख्यालय दिल्लीला असलं तरी केंद्र नांदेड किंवा लातूरचं असेल, म्हणजे घटनेचा काही भाग इथे घडला असेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६(२) प्रमाणे औरंगाबाद खंडपीठात येता येतं. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. पुढच्या सत्राच्या फॉर्मची शेवटची तारीख हातात घेऊनच वकिलाकडे जा, कारण अंतरिम दिलासा त्या तारखेवर अवलंबून असतो. फीची अडचण असेल तर महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा किंवा १५१०० वर फोन करा.

बंदी संपल्यावर

बंदीचा आदेश, त्याची सुरुवात आणि शेवट दाखवणारं पत्र, आणि तुमचं उत्तर, एका फाइलमध्ये ठेवा. मुदत संपली की संस्थेला लिहून ‘आता बसण्यास पात्र’ असं उत्तर मागून घ्या, नाहीतर पुढचा फॉर्म ऑनलाइन अडकतो.

नोंदणीच्या किंवा नोकरीच्या अर्जात ‘कधी परीक्षेतून वगळले गेले आहे काय’ असा रकाना असेल तर खरं लिहा आणि आदेशाची प्रत जोडा. अवतार सिंग प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माहिती लपवल्यावर नियोक्त्याने गोष्ट किती गंभीर होती ते बघून निर्णय घ्यायचा असतो, आणि खरी माहिती दिलेल्याचाही विचार करून निर्णय घेण्याचा हक्क त्याला राहतो. म्हणजे खरं सांगून काम होईलच अशी खात्री कुणी देऊ शकत नाही. पण एका सत्राची बंदी भोगलेल्याने ती उघड सांगितली तर समितीसमोर एक जुनी, शिक्षा भोगून झालेली चूक असते. ती लपवली आणि नंतर निघाली, तर अर्जात खोटं लिहिल्याचा नवा मुद्दा तयार होतो, आणि वर सांगितलेली कलम २६ आणि कलम ३६ ची दारं तिथूनच उघडतात. रकानाच नसेल तर आपण होऊन लिहायची गरज नाही. विचारलं तर मात्र तारखेसह, तीन-चार ओळींत, सबबी न जोडता लिहा.